‘भरती’ची पाटी: बालरुग्ण विभागातल्या गुबगुबीत अक्षरांचं एक प्रकरण

एका रुग्णालयाचा बालरुग्ण विभाग नव्याने सजवला गेला. भिंतींना रंग, छतावर ढग आणि विभागातल्या झाडून सगळ्या पाट्यांना एकच फॉन्ट: ब्रशने काढल्यासारखा, गुबगुबीत, प्रत्येक अक्षर जरासं डावीकडे नाहीतर उजवीकडे कललेलं. मुलांना विभाग आवडला, पालकांनाही आवडला. मग हळूहळू एक तक्रार कानावर यायला लागली. जिना चढून वर आलं की समोर दिसणारी ‘भरती कक्ष’ ही पाटी काही लोक ‘मरती कक्ष’ अशी वाचत होते. क्षणभरच, दुसऱ्या नजरेत खरा शब्द कळायचा. पण तापाने फणफणलेलं मूल कडेवर घेऊन वर आलेल्या माणसाच्या वाट्याला तो एक क्षणही येता कामा नये.

‘हा फॉन्टच काढा, साधं काहीतरी लावा आणि विषय संपवा,’ असं व्यवस्थापनाचं मत झालं होतं. मला सल्ल्यासाठी बोलावलं ते या टप्प्यावर. पाट्या पाहिल्यावर माझं मत वेगळं झालं. अक्षर गुणी होतं. त्याला नको तिथे कामाला लावलं होतं, आणि काही मोजक्या जागी देवनागरीची एक मूलभूत गरज ते काढताना निसटली होती. पहिली गोष्ट पाट्या बदलून सुटणार होती, दुसरी अक्षरं पुन्हा काढून. त्या दोन्ही कामांची ही हकीकत आहे.

अक्षरात काय होतं

आधी त्याचे गुण सांगायला हवेत, कारण तक्रारीच्या भरात तेच विसरले गेले होते.

हा शीर्षकाचा फॉन्ट होता. म्हणजे मोठ्या आकारात, थोड्या शब्दांत वापरण्यासाठी काढलेला. रेघांची टोकं गोल, पण एका मापाची नाहीत. ब्रश टेकवताना जाड आणि उचलताना किंचित निमुळती. ‘ळ’ची दोन वेटोळी सारखी नव्हती: डावं टपोरं, उजवं थोडं चेपलेलं. ‘क’चा डावा गोल पोट सुटल्यासारखा पुढे आलेला. काने सगळे उभे नव्हते, काही आत झुकलेले, काही बाहेर. हे सगळं दिसायला सहज वाटतं, पण त्यामागे विचार असतो. ओबडधोबडपणा कुठे ठेवायचा आणि कुठे नाही, याचा निर्णय काढणाऱ्याने प्रत्येक अक्षरात घेतलेला असतो.

आणखी एक बारीक गोष्ट मला फार आवडली. हाताने लिहिल्याचा भास देणाऱ्या फॉन्टचं सोंग उघडं पडतं ते एकच अक्षर दोनदा आलं की. ‘बाबा’ लिहिलं आणि दोन्ही ‘ब’ तंतोतंत एक निघाले, की डोळ्याला कळतं, हा हात नाही, शिक्का आहे. या फॉन्टमध्ये नेहमीच्या अक्षरांची दोन-तीन रूपं काढून ठेवली होती आणि शेजारी तेच अक्षर आलं की दुसरं रूप आपोआप बसत होतं. ओपनटाइप या फॉन्टच्या प्रचलित फाइलप्रकारात या सोयीला कॉन्टेक्स्च्युअल अल्टरनेट्स म्हणतात. कल्पना जुनी आहे. एरिक व्हान ब्लोकलंड आणि यूस्ट व्हान रोसम या दोन डच टाइपकारांनी १९८९ मध्ये ‘बेओवोल्फ’ नावाचा फॉन्ट केला, त्यात प्रिंटरवर छपाई होतानाच अक्षराच्या कडा थोड्याथोड्या बदलत, त्यामुळे तेच अक्षर पुन्हा तसंच उमटत नसे. देवनागरीत ही मेहनत कितीतरी पटींनी वाढते, कारण नुसतं अक्षर नव्हे, त्याचं अर्धं रूप, रफार, उकार आणि जोडाक्षरं यांचाही विचार करावा लागतो. ज्याने कोणी ती केली होती, त्याच्याबद्दल मला आदर वाटला.

आणि रुग्णालयात अशा अक्षराची गरज आहे, हे मी ठामपणे म्हणते. तिथली बाकी सगळी अक्षरं हुकूम देणारी असतात: शांतता राखा, आत येऊ नका, पादत्राणं बाहेर काढा. सहा वर्षांचं मूल नुकतंच वाचायला लागलेलं असतं. ते अक्षर ओळखतं, मग मात्रा लावतं, मग शब्द जुळवतं. सुई टोचून घ्यायला निघालेल्या त्या मुलाला दारावरचं ‘कासव’ स्वतःचं स्वतः वाचता आलं, तर त्या इमारतीतली निदान एक गोष्ट त्याची होते. जाड, गोल, मोठं अक्षर हे काम करतं. ते काढून टाकणं म्हणजे मुलांकडून काहीतरी काढून घेणं होतं.

‘भ’ आणि ‘म’मधलं अंतर

आता दोष. रोमन अक्षरं एका तळरेषेवर उभी असतात. त्यांना खेळकर करायचं तर सोपा उपाय असतो, एक अक्षर थोडं वर, एक थोडं खाली, एक तिरकं. शब्द उड्या मारतो आणि वाचायला काही अडत नाही. देवनागरी अक्षर उभं नसतं, ते शिरोरेषेला लटकलेलं असतं. तोच उपाय इथे केला की सगळ्यात आधी शिरोरेषा तुटते.

या फॉन्टमध्ये ती मुद्दाम तोडली होती. प्रत्येक अक्षराला स्वतःची वेगळी टोपी, दोन टोप्यांमध्ये फट, आणि टोपीही अक्षराबरोबर कललेली. पाहायला गंमत येते. पण शिरोरेषेतली फट देवनागरीत रिकामी नसते, ती काहीतरी सांगत असते. ‘थ’, ‘ध’ आणि ‘भ’ या तीन अक्षरांच्या डाव्या बाजूला शिरोरेषा नसते. तिथे अक्षराची सुरुवात एका छोट्या वळशाने होते. ‘य’, ‘घ’ आणि ‘म’ यांच्यावर ती सलग असते. वाचणाऱ्याची नजर वळसा आणि फट अशा दोन खुणांवरून थ–य, ध–घ, भ–म या जोड्या वेगळ्या करते. जिथे प्रत्येक अक्षरानंतर फटच आहे, तिथे फटीला अर्थ उरत नाही. मग सगळा भार त्या वळशावर येतो. आणि इथे वळसा इतका जाड काढला होता, की त्यातली पोकळी बुजून तो नुसता गोळा झाला होता. ‘भ’च्या डोक्यावरचा गोळा आणि ‘म’च्या टोपीचं गोल टोक यांत दहा पावलांवरून काही फरक उरला नव्हता.

मजकुरात हे खपून जातं. वाक्य असतं, पुढचामागचा संदर्भ असतो, मेंदू दुरुस्ती करून घेतो. पाटीला वाक्याचा आधार नसतो. एक-दोन शब्द, लांबून, चालता चालता, आणि वाचणारा आधीच घाबरलेला. ज्याला सवयीने अंदाज बांधता येतो तो ‘भरती’च वाचतो. ज्याचं वाचन कमी आहे, ज्याची भाषा वेगळी आहे किंवा ज्याचा चष्मा घाईत घरी राहिला आहे, तो जे दिसतं तेच वाचतो. म्हणून तक्रारी काही जणांच्याच होत्या. ‘बाकीच्यांना तर कळतंय ना,’ हे उत्तर मला रुग्णालयात मान्य नाही.

शिरोरेषेच्या जोडीला पोकळ्यांचा प्रश्न होता. ‘ब’ आणि ‘व’मध्ये फरक फक्त पोटातल्या एका तिरक्या रेघेचा; ‘ष’ आणि ‘प’मध्येही तसाच. अक्षर जाड करताना जाडी बाहेर वाढवायला जागा कमी असते, म्हणून ती आत वाढते आणि पोट भरत जातं. हे अटळ नाही. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट देवनागरीतल्या अत्यंत लठ्ठ फॉन्टांपैकी आहे; त्यात पोकळ्या जवळजवळ केसाएवढ्या बारीक झाल्या आहेत, पण त्या कुठे आणि कशा ठेवायच्या याचा विचार करून ठेवल्या आहेत, त्यामुळे अक्षर ओळखू येतं. आमच्या फॉन्टमध्ये ‘ब’ची तिरकी रेघ बाहेरच्या रेघांइतकीच जाड होती. उरल्या होत्या दोन बारीक छिद्रांच्या खुणा, आणि पाटीसाठी व्हिनाइल, म्हणजे चिकटवायचं पातळ प्लास्टिक, कापणाऱ्याने त्यातली एक ‘चुकून आलेली’ समजून भरून टाकली होती. ‘बाह्यरुग्ण’ असं लिहायचं होतं, तिथे ‘वाह्यरुग्ण’ लटकत होतं.

तपासणीसाठी आम्ही साधी गोष्ट केली. एकमेकांशी गोंधळणाऱ्या अक्षरांचे शब्द निवडले: भार–मार, घाव–धाव, बार–वार, घार–धार. प्रत्येक शब्द वेगळ्या कागदावर मोठा छापला, विभागाच्या लांब बोळात टांगला आणि वाचायला सांगितलं. रात्रपाळीच्या सिस्टर, मामा, मावश्या आणि ज्या पालकांना वेळ होता त्यांनी वाचलं. नेहमीच्या शब्दांऐवजी अशा जोड्या घेणं महत्त्वाचं आहे, कारण अशा शब्दांत अंदाजाने बरोबर येण्याची सोय नसते. नंतर तेच कागद ट्रेसिंग पेपरखाली ठेवून पुन्हा दाखवले; अंधुक दिसणाऱ्याला पाटी कशी दिसत असेल, त्याचा थोडासा अंदाज त्यातून येतो. ‘घ’ आणि ‘ध’ तर जवळून पाहणाऱ्यांनाही अडवत होते. एका सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, मी रोज या पाट्यांखालून जाते, मला त्या वाचाव्या लागतच नाहीत. आज पहिल्यांदा वाचल्या.” विभागात काम करणाऱ्यांना हा दोष इतके दिवस का दिसला नव्हता, ते त्या एका वाक्यात कळलं.

कोणती पाटी कुणासाठी

अक्षराच्या दुरुस्तीआधी आम्ही सगळ्या पाट्या खाली मांडल्या. दारावरची नावं, बाण, भेटीच्या वेळा, हात धुण्याच्या सूचना, अतिदक्षता विभागाची पाटी, समुपदेशनाची खोली, खेळघर, खाटांचे क्रमांक आणि पालकांना घरी न्यायला दिलेलं छापील औषधपत्रक. सगळीकडे तेच अक्षर.

सगळ्यात जास्त धोका त्या पत्रकात होता. ‘दर वेळी २.५ मिली’ या ओळीतलं दशांशचिन्ह दोन्ही आकड्यांच्या पोटांमध्ये दबून गेलं होतं. २.५चे २५ वाचले गेले तर दहापट औषध जाईल. औषधांच्या लिखाणात दशांशाबद्दल आधीच कडक संकेत आहेत: एकापेक्षा कमी मात्रा लिहिताना आधी शून्य लिहायचं, म्हणजे ‘.५’ न लिहिता ‘०.५’, आणि पूर्णांकापुढे उगाच शून्य जोडायचं नाही, म्हणजे ‘५.०’ न लिहिता ‘५’, कारण टिंब दिसलं नाही तर त्याचे ५० होतात. औषधोपचारातल्या चुका टाळण्यासाठी काम करणारी अमेरिकेतली ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ ही संस्था हेच सांगते. हे सगळे संकेत टिंब दिसेल या गृहीतावर उभे आहेत. टिंब गिळणारं अक्षर तिथे येताच कामा नये. ते पत्रक त्याच दिवशी थांबवलं. बाकी कशावरही चर्चा होऊ शकते, यावर नाही.

देवनागरी आकड्यांची आणखी एक अडचण होती. १ आणि ९ या आकड्यांत वळणाचाच फरक असतो, आणि कललेल्या जाड अक्षरात तो पुसट होतो. म्हणून या फॉन्टमधला एकही आकडा कुठेही वापरायचा नाही असं ठरलं. खाटांचे क्रमांक, वेळा, मजले, फोन, सगळं साध्या फॉन्टमध्ये. त्यासाठी ‘मुक्ता’ घेतला: तोही ‘एक टाइप’चाच, सात वजनांत, म्हणजे बारीक ते जाड अशा सात रूपांत मिळणारा, मोकळ्या पोकळ्यांचा. खेळकर अक्षरासोबत राहताना तो त्याच्याशी स्पर्धा करत नाही, हा त्याचा मला वाटणारा मोठा गुण.

अतिदक्षता विभाग आणि समुपदेशनाच्या खोलीबाबत मात्र वाचनीयतेचा प्रश्न नव्हता. तिथली पाटी नीट वाचता येत होती. पण ज्या खोलीत आईवडिलांना समोर बसवून अवघड गोष्ट सांगितली जाते, त्या खोलीच्या दारावर हसरी, डुलणारी अक्षरं असणं मला असह्य वाटलं. व्यवस्थापनातल्या एकांचं म्हणणं होतं की सगळा विभाग एकसारखा दिसायला हवा. मी त्यांना इतकंच विचारलं की त्या दारातून बाहेर पडलेल्या माणसाने मागे वळून काय पाहावं असं तुम्हाला वाटतं. त्यानंतर तो मुद्दा पुन्हा आला नाही.

इथे कॉमिक सॅन्सची गोष्ट आठवते, कारण तिच्यात हाच प्रश्न आहे. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये ‘बॉब’ नावाच्या प्रणालीवर काम चालू होतं. तिच्यात एक कार्टून कुत्रा वापरणाऱ्याशी बोलायचा, आणि त्याच्या तोंडचे शब्द टाइम्स न्यू रोमनमध्ये होते. व्हिन्सेंट कॉनेअर या टाइपकाराला ते खटकलं. कुत्र्याच्या तोंडी वर्तमानपत्राचा आवाज कसा शोभेल? कॉमिक पुस्तकांतलं हाताने केलेलं अक्षरलेखन समोर ठेवून त्याने कॉमिक सॅन्स काढला. तो ‘बॉब’मध्ये गेलाच नाही, पण विंडोज ९५च्या काळात घरोघरच्या संगणकांवर पोहोचला आणि मग नोटिसा, अर्ज, पाट्या, काय वाट्टेल त्यावर दिसू लागला. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉनसारख्या कणाचा शोध जाहीर झाला, तेव्हाच्या काही स्लाइड्सही त्यातच होत्या आणि त्यावर जगभर टीका झाली. कॉनेअरचं मूळ निदान अचूक होतं असं मला वाटतं: अक्षराला आवाज असतो, आणि तो बोलणाऱ्याला शोभावा लागतो. ज्या कुत्र्यासाठी तो आवाज घडवला, त्याच्याकडे तो कधीच गेला नाही, आणि भलत्यांच्या तोंडी बसला. आमच्या विभागातही फॉन्ट मुलांशी बोलण्यासाठी आणला होता आणि प्रत्यक्षात पालकांशी, सिस्टरशी आणि औषधाबद्दल बोलत होता.

शेवटी खेळकर अक्षराकडे खोल्यांची नावं, खेळघर, पुस्तकांचा कोपरा आणि मुलांच्या उंचीवरची भिंत एवढंच राहिलं. खोल्यांना नावं प्राण्यांची: हत्ती, कासव, मासा, घार, भुंगा. प्रत्येक नावाखाली खोलीचा क्रमांक साध्या फॉन्टमध्ये, कारण रात्री दुसऱ्या विभागातून धावत येणाऱ्या डॉक्टरला ‘भुंगा’ कुठे आहे ते शोधायला लावता येत नाही. ‘भरती कक्ष’ मुक्तामध्ये गेला. ती पाटी मुलांसाठी कधीच नव्हती.

पुन्हा काढताना

‘भरती’ची पाटीच बदलली, तर मग ‘भ’ दुरुस्त कशाला करायचा, असं विचारलं गेलं. कारण ‘भुंगा’. मुलाने ते ‘मुंगा’ वाचलं तर कुणाचा जीव जाणार नाही, हे खरं. पण नुकतं वाचायला शिकणाऱ्या मुलापुढे चुकीचं अक्षर ठेवायचं नाही, यात मला तडजोड नको होती. मोठ्यांपेक्षा त्याला अंदाज कमी येतो. शाळेत शिकवलेलं अक्षर आणि दारावरचं अक्षर यांची ओळख त्याला पटायलाच हवी. याच कारणाने ‘ल’ आणि ‘श’कडेही पाहावं लागलं. मूळ फॉन्टमध्ये दोन्हींची हिंदीत चालणारी वळणं आधी येत होती. मराठी वाचणारी मुलं पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ शिकतात. ती रूपंही फॉन्टच्या आत होती, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितल्यावरच ती बाहेर येतात. पाट्या करणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं. आम्ही आमच्या आवृत्तीत मराठी रूपंच मूळ म्हणून ठेवली.

शिरोरेषेचा तोडगा सापडायला वेळ लागला आणि सापडला तेव्हा मला फार आनंद झाला. आम्हाला ती सलग हवी होती, म्हणजे फटीला पुन्हा अर्थ येईल. आणि सरळ पट्टीसारखी नको होती, म्हणजे अक्षराचा जीव जाणार नाही. मग असं केलं: प्रत्येक अक्षराच्या टोपीची उंची आणि जाडी दोन्ही टोकांना एकच ठेवली, आणि मधल्या भागात तिला हवं तसं फुगू दिलं, दबू दिलं. टोकं शेजारच्या अक्षरात थोडी घुसतात, त्यामुळे सांधा दिसत नाही. कोणतंही अक्षर कोणत्याही अक्षराशेजारी आलं तरी रेषा जुळते, आणि तरी शब्दभर ती हलकी लाटेसारखी हलत राहते. तिरकेपणा रेषेच्या खाली, अक्षराच्या अंगात ठेवला.

मग ‘भ’, ‘ध’ आणि ‘थ’ यांची डावी बाजू पूर्ण उघडी केली आणि वळसा मोठा केला, इतका की त्याच्या आत स्वच्छ पोकळी राहील. आता सलग लाटेत फक्त या अक्षरांवर खिंड दिसते. ‘ब’ आणि ‘ष’ यांच्या पोटातली रेघ बाहेरच्या रेघेपेक्षा बरीच बारीक केली आणि पोटच थोडं डावीकडे फुगवलं. नियमाप्रमाणे पाहिलं तर रेघांची जाडी सारखी राहिली नाही. पण ब्रशने हाताने काढणारा चांगला पाटीकार नेमकं हेच करतो. आत वळताना हात हलका करतो. म्हणजे दुरुस्तीने अक्षर अधिक हाताचं झालं.

परवान्याबद्दल दोन शब्द, कारण इथे अनेकजण डोळे झाकतात. मूळ फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली होता. या परवान्यात फॉन्ट वापरायला, बदलायला आणि वाटायला मोकळीक आहे, व्यावसायिक कामातही; फक्त तो एकटा विकता येत नाही, बदललेली आवृत्ती त्याच परवान्याखाली द्यावी लागते, आणि मूळ नाव राखीव असेल तर ते बदललेल्या आवृत्तीला लावता येत नाही. आमच्या फॉन्टचं नाव राखीव होतं, म्हणून आम्ही फाइलचं नाव बदललं आणि मूळ काढणाऱ्यांचा उल्लेख फाइलच्या आत तसाच ठेवला. फुकट उतरवून घेता येणाऱ्या पुष्कळ फॉन्टांना अशी मोकळीक नसते. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि रुग्णालयाची पाटी वैयक्तिक वापर नव्हे.

भिंतीवर जाताना

पडद्यावर चांगलं दिसणारं अक्षर भिंतीवर पोहोचेपर्यंत आणखी दोन-तीन ठिकाणी बिघडू शकतं. आमच्या नव्या शिरोरेषेत टोप्या एकमेकींत घुसत होत्या. छपाईत त्याने काही होत नाही, पण व्हिनाइल कापणारा प्लॉटर प्रत्येक कड कापतो. तो टोप्यांच्या आतल्या कडाही कापून ठेवतो आणि सोलताना शब्दाचे तुकडे हातात येतात. म्हणून फाइल देण्याआधी अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे त्यांना नुसत्या आकारांत बदलून, सगळे पाथ (कडांच्या रेषा) एकजीव करावे लागतात. पोकळ्यांचंही तसंच. ठरावीक मापाखालचं छिद्र प्लॉटर कापतो, पण चिमट्याने काढताना शेजारची कड उचलते. आम्ही सगळ्यात लहान पाटीवरची सगळ्यात लहान पोकळी आधी कापून पाहिली, मगच आकार पक्का केला.

मांडणीच्या सॉफ्टवेअरने एकदा दगा दिला. देवनागरीसाठीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे मात्रा आणि जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय, चालू नसल्यामुळे ‘चित्र’ची वेलांटी अक्षरानंतर गेली आणि ‘त्र’ फुटून ‘त्’ आणि ‘र’ वेगळे झाले. हे पडद्यावरच पकडलं गेलं. पाट्या छापायला देताना फॉन्टऐवजी आउटलाइन केलेली फाइल द्यायची आणि सोबत बरोबर दिसणारा नमुना कागदावर द्यायचा, हा शिरस्ता त्यासाठीच.

रंगात फार वेळ गेला नाही. पिवळी अक्षरं पांढऱ्या भिंतीवर सुंदर दिसत होती आणि वाचता येत नव्हती. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या संकेतांत मोठ्या अक्षरांना किमान ३:१ आणि लहान मजकुराला ४.५:१ इतका अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक मागतात. तेच माप भिंतीलाही लावलं आणि पिवळा अक्षरांतून निघून चित्रांत गेला.

काय बदललं, काय उरलं

नव्या पाट्या लागल्यावर तीच जोड्यांची तपासणी पुन्हा केली. ‘घ’ आणि ‘ध’ आता अडत नव्हते. ‘ब’ लांबून अजूनही थोडा जड वाटतो. तो आणखी हलका केला तर शेजारच्या अक्षरांत उपरा दिसेल, म्हणून तिथेच थांबले. ‘भरती कक्ष’बद्दलची तक्रार बंद झाली. मुलं खोल्यांची नावं बोटाने गिरवतात, ते खालच्या कडांवर पडलेल्या डागांवरून कळतं. सफाईच्या मावशींनी त्याबद्दल रास्त गाऱ्हाणं केलं, आणि पुढच्या वेळी अक्षरांवर पुसता येणारं लॅमिनेशन घ्यायचं ठरलं.

एक गोष्ट सुटलेली नाही. बालरुग्ण विभागात तेरा-चौदा वर्षांची मुलंही असतात. त्यातल्या एका मुलीने सिस्टरना सांगितलं की ‘मासा’ लिहिलेल्या खोलीत मित्रांना भेटायला बोलवायची तिला लाज वाटते. तिचं म्हणणं बरोबर आहे. सहा वर्षांच्या मुलाला जे अक्षर आपलंसं वाटतं, तेच चौदाव्या वर्षी आपल्याला लहान लेखल्यासारखं वाटतं, आणि आजारपणात तर तेवढंच दुखतं. बोळाच्या टोकाच्या दोन खोल्यांच्या दारांवर आता फक्त साध्या फॉन्टमधला क्रमांक आहे आणि त्याखाली खडूने लिहिता येईल असा काळा रंग. ज्याला जे नाव हवं ते त्याने लिहावं. व्यवस्थापनाला तिथेही एखादा ठरलेला फॉन्ट हवा आहे, थोडा कमी खेळकर, थोडा मोठ्यांचा. मी अजून होकार दिलेला नाही. त्या दारांवर मुलं स्वतः काय लिहितात, कोणत्या वळणाने लिहितात, ते आधी काही महिने पाहू द्या, असं मी त्यांना कळवलं आहे.